वऱ्हाडातील मनोवैद्यकाचा पूर्वेतिहास

वऱ्हाडाच्या इतिहासाची दप्तरे विपुल आहेत. १८५३ च्या तहाने हा मुलूख निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखाली कसा आला त्याचे कागद, १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपये देण्याच्या बोलीवर तो कायमचा कसा पदरात पाडून घेतला त्याचा करार, जमाबंदीचे आकडे, अकोला, खामगाव व अमरावती येथील बाजारांतले कापसाचे भाव, हे सारे अभ्यासकांनी परिश्रमपूर्वक तपासले आहे. परंतु या काळ्या जमिनीत राबणाऱ्या माणसाचे मन जेव्हा जाग्यावर राहिले नाही, तेव्हा घरच्यांनी त्याला कोठे नेले, कोणी त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि कोणत्या उपायाने तो पुन्हा तिफणीमागे उभा राहिला, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या कक्षेबाहेरच राहिला. मनाच्या खोल थरांचा वेध घेणारे शास्त्र व्हिएन्नात जन्मले, कलकत्त्यात रुजले आणि मुंबईच्या इस्पितळांपर्यंत आले. वऱ्हाडात ते फार विलंबाने पोचले. तथापि ते शास्त्र ज्या मानवी सामग्रीचा शोध घेत होते ती सामग्री या प्रांतात आधीपासून नांदत होती, आणि शास्त्र व सामग्री यांची भेट शंभर वर्षे लांबली, हेच या इतिहासाचे मर्म आहे असे मला वाटते.

या इतिहासाचा आरंभ मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरापासून करणे उचित होईल. तेराव्या शतकात तेथे गुंडम राउळ, म्हणजेच महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू, वास्तव्य करून होते. काटसुरे गावी जन्मलेल्या व मातापित्यांच्या मृत्यूनंतर मामा-मावशीच्या आश्रयाने रिद्धपुरात वाढलेल्या या पुरुषाचे वर्तन लौकिकाच्या कोणत्याही मोजमापात बसणारे नव्हते. देवळांतील मूर्तींशी बोलणे, मुलांत मूल होऊन खेळणे, कोणाच्याही घरात शिरून समोर दिसेल ते खाणे, ज्या वस्त्यांची सावलीही उच्चवर्णीयांना वर्ज्य होती त्या वस्त्यांतून निःसंकोच हिंडणे, हा त्यांचा नित्यक्रम होता. म्हाइंभटाने सिद्ध केलेल्या त्यांच्या चरित्रात गावकरी पुनःपुन्हा त्यांना वेडे म्हणतात, पिशाचाने पछाडलेले म्हणतात, आणि तेच गावकरी आपली आजारपणे, आपली भांडणे व आपली भीती घेऊन त्यांच्यापाशी येतात. पंथप्रवर्तक श्रीचक्रधरांसारख्या प्रज्ञावंताने त्यांनाच गुरू मानले. मराठी गद्याच्या अगदी पहाटेच्या काळात रचलेला हा ग्रंथ एका असामान्य वर्तनाच्या माणसाचे दैनंदिन चरित्र, त्याच्या भोवतीच्या समाजाच्या प्रतिक्रियांसह, इतक्या तपशिलाने नोंदवून ठेवतो, ही गोष्ट मनोविज्ञानाच्या अभ्यासकाला मोठी मोलाची वाटली पाहिजे.

वेडा आणि सिद्ध यांच्यामधील सीमा निश्चित आखण्याची घाई न करण्याचा हा स्वभाव वऱ्हाडात पुढेही टिकला. १८७८ च्या फेब्रुवारीत शेगावी उष्ट्या पत्रावळीवरील अन्नकण वेचताना प्रथम दिसलेल्या गजानन महाराजांनाही आरंभी कित्येकांनी पिसा म्हटले आणि मग त्याच मुखांनी त्यांचा जयजयकार केला. संतांच्या अवस्थेला रोगाचे नाव देण्याचा अविचार मी करणार नाही; माझे म्हणणे समाजापुरते आहे. दारात आलेला विचित्र मनुष्य कदाचित अवलिया असेल या शंकेपोटी ज्या गावाने त्याला भाकर दिली, त्या गावाने शेकडो अनाम, खरोखरीच मनोरुग्ण असलेल्या माणसांनाही त्याच भाकरीवर जगवले असले पाहिजे.

याच्या जोडीला उपचाराची स्थाने होती. महानुभावांच्या अनेक मंदिरांत, विशेषतः वऱ्हाडाबाहेरील फलटणसारख्या ठिकाणी, बाधा झालेल्या माणसाला आणून आप्तांसह काही आठवडे किंवा काही महिने ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली आहे. रुग्ण एकटा येत नाही. आई, पत्नी किंवा भाऊ त्याच्याबरोबर आवारात राहतो, रांधतो व देवपूजेत सहभागी होतो. आरतीच्या वेळी अंगात आले की तो किंवा ती जे बोलते, ते बोलणे त्या व्यक्तीचे मानले जात नाही, बाधेचे मानले जाते. सासुरवाशिणीने एरवी जे शब्द उच्चारले असते तर घरात आकांत झाला असता, ते शब्द तेथे सर्वांसमक्ष उच्चारले जातात आणि कोणी तिला त्याबद्दल जाब विचारीत नाही. बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ असलेल्या सैलानी बाबांच्या दर्ग्याचीही हीच ख्याती आहे. होळीच्या सुमारास तेथे भरणाऱ्या यात्रेला अकोला, अमरावती, वाशीम, यवतमाळ, किंबहुना पलीकडच्या खानदेश-मराठवाड्यातूनही हिंदू व मुसलमान कुटुंबे आपल्या पीडित माणसांना घेऊन येतात आणि नारळांची होळी पेटते.

या स्थानांचे गुणगान करताना त्यांच्या अंधाऱ्या बाजूवर पडदा टाकणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. साखळदंड, मारहाण, उपासमार, तिखटाची धुरी हे प्रकार अशा ठिकाणी उपचार म्हणून होत आले, आणि २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळ्यांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण आगीत होरपळून मृत्यू पावले तेव्हा साऱ्या देशाला त्या क्रौर्याचे दर्शन घडले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात भूत उतरवण्याच्या मिषाने बांधणे व मारणे हे अपराध ठरले, आणि ते सर्वथा योग्यच झाले. परंतु साखळी तोडताना तिच्याशेजारी बसलेल्या आईलाही दूर लोटावे काय, हा निराळा प्रश्न आहे, आणि इंग्रजी अंमलाने त्याचे जे उत्तर दिले त्याचे परिणाम दूरगामी झाले.

१८५८ मध्ये सरकारने वेड्यांविषयी कायदे केले. त्यांपैकी छत्तिसाव्या कायद्यान्वये रस्त्यात भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे रुजू करावे, मॅजिस्ट्रेटने डॉक्टरच्या साहाय्याने त्याची तपासणी करून दाखला घ्यावा व त्याला वेड्यांच्या इस्पितळाच्या हवाली करण्याचा हुकूम द्यावा, अशी रीत पडली. नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ १८६४ चे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला व बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपुरास पोचली, पुढे १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले, आणि वऱ्हाडातील असाध्य मनोरुग्णाची वाट नागपूरच्या दिशेने पक्की झाली. गावाने जो मनुष्य पारावर सांभाळला होता, तो आता हुकुमाच्या कागदासह आगगाडीत बसून दूर जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या प्रथम दशकापर्यंत ही इस्पितळे तुरुंगांच्या महानिरीक्षकांच्या देखरेखीखाली होती, यावरूनच त्यांच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले जाई ते समजून येते. भिंत, पहारा, अन्न व काम यांचा बंदोबस्त तेथे होता, आणि निराधार माणसाच्या दृष्टीने तोही लहान उपकार नव्हता. पण रुग्णाची स्वतःची कैफियत लिहून घेण्यासाठी त्या दप्तरात रकाना नव्हता.

हा माझा तर्क नव्हे. १८९३-९४ मध्ये गांजा-भांगेच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने देशभरच्या वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासल्या, तेव्हा गांजामुळे वेड लागल्याच्या ज्या शेकडो नोंदी होत्या त्यांपैकी पुष्कळशा पोलिसांनी अंदाजाने लिहून पाठवलेल्या व इस्पितळाने तशाच उतरवून घेतलेल्या आढळल्या. वेडाचे कारण काय हा रकाना भरणे आवश्यक, आणि ते जाणणारा कोणी नाही, तेव्हा शिपायाला जे सुचले ते सरकारी सत्य झाले. ज्या माणसाच्या मनाविषयी हे सारे लिहिले जात होते, त्याला कोणी काही विचारले नव्हते. आयोगाने त्या आकड्यांवर विसंबता येत नाही असा स्पष्ट निर्णय दिला. मनोवैद्यकाच्या इतिहासात या निर्णयाचे महत्त्व गांजा-भांगेच्या वादापेक्षा अधिक आहे, कारण रुग्णाचे न ऐकता त्याच्या रोगाचे कारण सांगता येत नाही हे त्याने सरकारच्याच लेखणीने सिद्ध केले.

या सुमारास वऱ्हाडात एक विलक्षण प्रज्ञेचा पुरुष वाढत होता. १८८१ मध्ये लोणी टाकळी येथे जन्मलेले व माधान येथे वाढलेले श्रीगुलाबराव महाराज जन्मानंतर काही महिन्यांतच दृष्टीला मुकले आणि १९१५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांनी पुण्यात देह ठेवला. परंतु एवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ सांगून लिहवून घेतले. डार्विन व स्पेन्सर यांची मते ऐकून घेऊन त्यांचे परीक्षण करणाऱ्या या अंध, कुणबी कुळातल्या पुरुषाने मानसायुर्वेद या नावाने मनाच्या व्याधींचाही स्वतंत्र विचार केला. शरीराला जसा आयुर्वेद तसा मनालाही असला पाहिजे, ही कल्पना अमरावतीजवळच्या एका खेड्यात ज्या काळी मांडली गेली, त्याच काळी व्हिएन्नात डॉ. सिग्मंड फ्रॉइड स्वप्नांचा अर्थ लावीत होते. या दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती.

आणि येथेच कलकत्त्याच्या एका वैद्याचे चरित्र वऱ्हाडाच्या इतिहासाशी जोडले जाते. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांचा जन्म १८८७ मध्ये दरभंग्यास झाला. १९१० मध्ये ते वैद्यकाचे पदवीधर झाले, संमोहनाच्या छंदातून मनोरुग्णांवर उपचार करू लागले, १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठातून मानसशास्त्रात पारंगत झाले आणि १९२१ मध्ये दमनाच्या संकल्पनेवरील प्रबंधाने त्यांनी विज्ञानातील सर्वोच्च पदवी मिळवली. फ्रॉइडचे विचार ग्रंथांतून समजून घेत त्यांनी आपल्या अनुभवाच्या बळावर स्वतःची वाट काढली होती. प्रबंध फ्रॉइडकडे पाठवला गेला आणि दोघांमध्ये जो पत्रव्यवहार सुरू झाला तो जवळजवळ दोन दशके चालला. १९२२ मध्ये पारसीबागान लेनमधील बोसांच्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना झाली, आणि आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघाने तिला मान्यता दिली. युरोप-अमेरिकेबाहेर असे स्थान मिळवणाऱ्या अगदी पहिल्या संस्थांत तिची गणना होते. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीनिमित्त संस्थेने हस्तिदंती विष्णुमूर्ती भेट पाठवली आणि ती फ्रॉइडच्या व्हिएन्नातील अभ्यासिकेत विराजमान झाली. १९३३ मध्ये कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात बोसांनी मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग उघडला, १९४० मध्ये लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय निघाले, त्यासाठी त्यांचे बंधू, सुप्रसिद्ध साहित्यिक राजशेखर बोस यांनी जागा दिली, आणि १९४७ मध्ये ‘समीक्षा’ हे संस्थेचे नियतकालिक सुरू झाले. १९५३ मध्ये गिरींद्रशेखर कालवश झाले.

या कर्तृत्वाचे सार केवळ संस्था उभारण्यात नाही. गीता, पुराणे व पातंजल योगसूत्रे यांचा व्यासंग असलेल्या बोसांनी फ्रॉइडचे शिष्यत्व पत्करले तरी आपली प्रज्ञा गहाण टाकली नाही. प्रत्येक इच्छेच्या पाठीशी तिची प्रतिकूल इच्छा दडलेली असते, मारण्याच्या इच्छेमागे मारले जाण्याची, पुरुष असण्याच्या इच्छेमागे स्त्री असण्याची, आणि मनाचा रोग म्हणजे या जोडीतील एकीला अंधारात कोंडून ठेवण्याचा परिणाम, असा त्यांचा सिद्धांत होता. १९२९ मध्ये आपले लेख फ्रॉइडकडे पाठवताना त्यांनी एक निरीक्षण निर्भयपणे कळवले : ज्या लिंगच्छेदाच्या भयावर गुरूने एवढा भर दिला होता ते भय आपल्या भारतीय रुग्णांत युरोपीय रुग्णांइतके तीव्र दिसत नाही, आणि पुरुषाच्या मनातील स्त्री होण्याची इच्छा भारतीय रुग्णात अधिक सहज उघडी करता येते. फ्रॉइडला हा फरक लक्षणीय वाटला, पण प्रतिकूल इच्छेच्या सिद्धांतावर त्याने घाईने निर्णय दिला नाही. बोसांनी मात्र आपले मत मागे घेतले नाही.

आता माधानकडे पुन्हा दृष्टी वळवावी. गुलाबराव महाराज स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत, श्रीकृष्णाला पती मानीत, कुंकू व मंगळसूत्र धारण करीत आणि मधुराद्वैत हा आपला सिद्धांत तर्ककर्कश शास्त्रीय भाषेत प्रतिपादन करीत. अमरावतीच्या परिसरातील विद्वान, वकील व शेतकरी त्यांच्या चरणांशी बसत, आणि त्यांच्या त्या वेशाने कोणाची श्रद्धा ढळत नसे. मी पुन्हा सांगतो की संताचे मनोविश्लेषण करण्याचा येथे हेतू नाही. परंतु जो समाज पुरुषाच्या ठायी प्रकटलेल्या स्त्रीभावाला भक्तीचे सर्वमान्य स्थान देतो, त्याला ग्रंथ देतो, परंपरा देतो आणि वंदन करतो, त्या समाजातील सामान्य माणसाला तोच भाव मनाच्या तळघरात कोंडून ठेवण्याचे कारण कमी पडते, हे उघड आहे. बोसांना कलकत्त्याच्या दवाखान्यात जे आढळले त्याचे सामाजिक स्पष्टीकरण वऱ्हाडातील एका खेड्यात डोळ्यांपुढे उभे होते. महानुभावांच्या आवारातली सासुरवाशीण, सैलानीच्या यात्रेतला शेतकरी आणि माधानचे महाराज या सर्वांनी मिळून असे दाखवून दिले होते की दमनाचा भार हलका करण्याच्या रीती प्रत्येक समाज स्वतःपुरत्या घडवतो, आणि त्या रीती न जाणणाऱ्या वैद्याला तेथील रोगही पुरता कळत नाही.

मग शास्त्र व सामग्री यांची ही भेट तेव्हा का झाली नाही? मनोविश्लेषण हा दीर्घ उपचार आहे. आठवड्यातून अनेक दिवस, महिनोन्महिने एका माणसाने बोलायचे व दुसऱ्याने ऐकायचे, यासाठी शहर, सवड व पैसा लागतो. मुंबईत १९३८ मध्ये डॉ. के. आर. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण सेवा आरंभली, आणि पुढे के.ई.एम. मध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलीच्या आधारे एक उपचारपद्धती सिद्ध केली. परंतु हे सारे मुंबईत. १९४६ च्या आरोग्यविषयक भोर समितीच्या अहवालावरून दिसते की अखंड ब्रिटिश हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा होत्या. कोट्यवधींच्या देशात एवढ्या खाटा, तेथे अचलपूरच्या किंवा अकोटच्या रुग्णाच्या वाट्याला काय येणार?

अमरावतीला कर्तृत्वाची वाण होती असे म्हणता येत नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी भारतीय खेळांचे प्रदर्शन करून आले. स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवनात कुष्ठरोग्यांसाठी वसाहत उभारली, आणि ज्यांना गावाने वेशीबाहेर घातले होते त्यांच्या हातांना काम व नावाला प्रतिष्ठा दिली. बलवान शरीराची व रोगजर्जर शरीराची चिंता या नगराने अशी वाहिली. मनाची चिंता वाहणारा असा संस्थापुरुष मात्र त्या पिढीत येथे पुढे आला नाही, आणि इर्विन रुग्णालयाच्या दारात मनोरुग्णाला घेऊन आलेल्या कुटुंबाला नागपूरची वाट दाखवण्याचा क्रम पुष्कळ काळ चालू राहिला.

या अभावाची किंमत विसाव्या शतकाच्या अखेरीस चुकवावी लागली. कापसाचा भाव, कर्ज, पावसाची लहर आणि घरातील विवाहादी खर्च यांच्या कात्रीत सापडलेल्या वऱ्हाडी शेतकऱ्याच्या आत्महत्यांनी सारा देश हादरला. त्यांची कारणे आर्थिक आहेत, आणि मनोवैद्यकाच्या आडोशाने कोणत्याही सरकारला ती झाकता येणार नाहीत. तथापि कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या दोन माणसांपैकी एकाला रात्री जीव नकोसा होतो तेव्हा त्याचे ऐकून घेणारे कोणी आहे की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत ‘विश्राम’ या नावाचा उपक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखण्याचे व धीर देण्याचे शिक्षण, त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञ, अशी त्याची रचना होती. डॉ. राहुल शिधये व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, नैराश्यग्रस्तांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वऱ्हाडी माणूस मनाचे दुखणे सांगत नाही, ही समजूत या आकड्यांनी खोटी पाडली. विचारणारा त्याच्या गावचा, त्याच्या बोलीचा आणि घाई नसलेला असला की तो सांगतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र मानसिक ताणाखालील माणूस मानून शिक्षेऐवजी शुश्रूषेचा अधिकार दिला आहे, आणि साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. गुजरातेत उनावा येथील मीरा दातारच्या दर्ग्यात मनोविकारतज्ज्ञ व मुजावर यांनी एकत्र बसून दवा व दुआ यांची सांगड घातली आहे. दर्ग्यात आलेल्या माणसाला मुजावरच डॉक्टरकडे धाडतो, आणि डॉक्टर त्याच्या श्रद्धेचा उपमर्द करीत नाही. सैलानीच्या माळावर व महानुभावांच्या मठांतून हाच मार्ग अवलंबिण्यासारखा आहे, कारण तेथे कुटुंब रुग्णाला सोडून गेलेले नसते, आणि औषधोपचाराला याहून मोठे साहाय्य दुसरे नाही.

अमरावती व अकोला येथे आज वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथून बाहेर पडणाऱ्या तरुण मनोविकारतज्ज्ञाने फ्रॉइड व बोस यांच्याबरोबर म्हाइंभट आणि गुलाबराव महाराजही अभ्यासावेत, रुग्णाची कैफियत त्याच्याच वऱ्हाडी बोलीत शब्दशः लिहून ठेवावी आणि बाजूला बसलेल्या आईचे म्हणणेही तीत नोंदवावे, अशी माझी मनःपूर्वक विनंती आहे. अशा पाच-पन्नास कैफियती जरी प्रामाणिकपणे लिहिल्या गेल्या, तरी जे दप्तर नागपूरच्या इस्पितळात कधी उघडलेच गेले नाही ते उघडेल, आणि गिरींद्रशेखरांनी व्हिएन्नाला जे कळवले होते त्याची परीक्षा शेवटी या मातीतल्या पुराव्यावर करता येईल.